कोणाचं अनुमोदन आहे?

आम्ही जेवायला बसलो की टेलिफोन वाजायचा. ताटात कुस्करलेले बटाटे वाढलेले, माझ्या नवऱ्याने, क्लॅरीने, मटणाच्या चापेला सुरी लावलेली, आणि घरातल्या बोळातल्या स्टुलावरचं ते काळं डबडं ठणाणा करायला लागायचं. उचललं की पलीकडून कोणी बोलायचं नाही. श्वास तेवढा ऐकू यायचा, नाकातून घेतलेला, सावकाश, पोटभर जेवलेल्या माणसाचा. मी आधी "कोण आहे?" म्हणायची, मग "कोण आहेस रे मेल्या?" म्हणायची. मग तो ठेवून द्यायचा.

पहिल्या आठवड्यात मला नुसता राग आला. दुसऱ्या आठवड्यात तो बोलला.

"आज दुकानाला नवं कुलूप लावलंत," तो म्हणाला. आवाज अगदी सभ्य, बँकेतल्या माणसासारखा. "जुनं जरा भक्कम होतं, नाही?"

ते कुलूप मी त्याच दुपारी बदललं होतं. जुन्याची किल्ली अडकायला लागली होती, हे क्लॅरीलासुद्धा मी अजून सांगितलं नव्हतं. मी टेलिफोन ठेवला, टेबलाशी येऊन बसले, काटा उचलला, आणि माझ्या लक्षात आलं की काटा बशीवर वाजतोय. बावन्न वर्षं मी स्वतःला धीट समजत होते. ते तेवढ्या एका वाक्यात खोटं निघालं.

मी मर्टल कॉसग्रोव्ह. स्टेशन स्ट्रीटवर माझं लोकरीचं दुकान होतं, आणि बुरांगीच्या नगरपालिकेत नऊ सभासदांमध्ये मी एकटी बाई होते. सिडनीच्या नैर्ऋत्येला अशा नगरपालिका पायलीला पन्नास होत्या. दर निवडणुकीला वरचं सरकार म्हणायचं, तुम्हा सगळ्यांना मोडून एक मोठी पालिका करतो, आणि निवडणूक झाली की विसरायचं. बुरांगी त्यातली सगळ्यांत लहान. पण भांडणात आम्ही कोणाला हार गेलो नाही.

या वेळचं भांडण अत्तर-कुरणाचं होतं. नदीकाठच्या त्या सखल, पाणथळ जागेला गावात सगळे हेच म्हणतात, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या आजीच्या काळात आम्ही नदीपलीकडच्या बड्या पालिकेत मोडत होतो. ती पालिका आपल्या गावची मैल्याची डबडी गाड्यांत भरून पूल ओलांडून आणायची आणि आमच्या कुरणात ओतायची. कर आमचा, घाण त्यांची. शेवटी आमच्या लोकांनी लोहाराच्या दुकानात बसून अर्जावर सह्या केल्या, आम्हाला वेगळं करा म्हणाले, आणि सरकारने वेगळं केलं. बुरांगी नगरपालिका जन्माला आली ती त्या वासापोटी.

नगरपालिकेच्या पन्नाशीला जे पुस्तक छापलं, त्यात लिहिलंय की आमचे पूर्वज खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आजी म्हणायची, कसले खांदे नि कसले काय. नव्या पालिकेची पहिली सभा चर्चच्या हॉलमध्ये भरली, तेव्हा गाड्या अजून येतच होत्या. लोहार उठला आणि म्हणाला, मैल्याच्या गाड्या बंद कराव्यात असा मी ठराव मांडतो. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाचं अनुमोदन आहे?" दारात गाड्यांच्या कंत्राटदाराची माणसं हातात चाबूक घेऊन उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. आमच्याकडचा नियम तेव्हाही तोच, आजही तोच: ठरावाला दुसऱ्या कोणी अनुमोदन दिलं नाही, तर ठराव तिथल्या तिथे पडतो. त्यावर चर्चा नाही, मत नाही, जणू कोणी बोललंच नव्हतं. लोहाराचा ठराव असा तीन सभांत पडला. तेव्हाच्या नऊ सभासदांत माझे आजोबा होते. ते छताकडे बघत बसले होते. आजीने त्यांना ते मरेपर्यंत विसरू दिलं नाही. ते जेवताना जरा गप्प झाले की ती म्हणायची, "का हो, छताला काही लिहिलंय का?"

पुढे गाड्या बंद झाल्या, गटारं आली, कुरणात गवत माजलं. वास गेला, नाव राहिलं. नदी मात्र दर काही वर्षांनी तिथे येते आणि कुरण पोटात घेते. मी शाळेत असताना तिथे पत्र्याच्या खोपटांत राहणारं डूलन कुटुंब एका रात्रीत वाहून गेलं. त्यांची आयलीन माझ्या बाकावर बसायची. आणि आता एका कंपनीला त्याच कुरणात तीन मजली इमारती बांधायच्या होत्या. पालिकेने जागा मोकळी ठेवण्याचा शिक्का काढायचा, की झालं. नऊपैकी चौघे कंपनीच्या बाजूने, चौघे विरुद्ध. नववी मी. मी निवडणुकीतच सांगून टाकलं होतं की माझ्या जिवात जीव असेपर्यंत तिथे वीट लागणार नाही. असं बोलू नये. कोणीतरी ते शब्दशः घेतं.

जूनमधल्या सभेच्या सकाळी मी अंडी गोळा करायला परसात गेले. खुराडं उघडं होतं. माझ्या सातही कोंबड्या मागच्या पायरीवर ओळीने निजवल्या होत्या, माना मुरगळलेल्या, चोची एकाच दिशेला. पिसं विसकटलेली नव्हती. कोल्ह्याचं काम असतं तर सगळीकडे रक्त आणि पिसं झाली असती. हे कोणीतरी सावकाश, एकेक करून केलं होतं, आणि आम्ही दोघं पलीकडच्या खोलीत झोपलो होतो.

क्लॅरी पायजम्यावर बाहेर आला, बघत उभा राहिला. तो बस चालवतो. रस्त्यावर कोणी आडवं आलं तर शिव्यांची लाखोली वाहतो, घरात मात्र चार शब्दांच्या वर जात नाही.

"पोलिसांना सांगू," तो म्हणाला.

पोलीस आला. तरणाताठा होता. त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "शेजाऱ्यांशी काही वाद, बाई? आरवण्यावरून वगैरे?"

"त्या कोंबड्या आहेत," मी म्हटलं. "कोंबड्या आरवत नाहीत, बाबा."

त्या संध्याकाळी मी सभेला गेले नाही. ताप आलाय असं कळवलं. सुदैवाने कुरणाचा विषय त्या महिन्यात आलाच नाही. वरच्या खात्याची कागदपत्रं यायची होती.

जुलैतली गोष्ट अशी. माझी मुलगी शर्ली तिच्या लिनेटला घेऊन दुकानात आली होती. लिनेट आठ महिन्यांची. आमच्याकडे सगळ्याच आया बाबागाडी दुकानाबाहेर ठेवतात. पोर उन्हात झोपतं, येणारे-जाणारे डोकावून "काय गोड आहे" म्हणतात. मीही शर्लीला तशीच ठेवून वाढवली. शर्लीने गाडी खिडकीखाली लावली, आत आली, पिवळ्या लोकरीचे दोन गुंडे निवडले, आणि आम्ही बोलत बोलत दाराशी आलो.

खिडकीखाली गाडी नव्हती.

मी रस्त्यावर धावले. एक गाडी माझ्यावर भोंगा वाजवत गेली, आणि ती गेल्यावर मला रस्त्यापलीकडे, खाटकाच्या छपराखाली, आमची बाबागाडी दिसली. ब्रेक लावलेला. लिनेट गाढ झोपेत. तिचं पांघरूण शर्ली नेहमी सैल टाकते. ते कोणीतरी गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलं होतं. आजी खोचेल तसं, मायेनं. खाटकाने काही पाहिलं नव्हतं. कोणीच काही पाहिलं नव्हतं. बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे कोण कशाला बघेल?

संध्याकाळी टेलिफोन वाजला. "पोर हलकी आहे हो," सभ्य आवाज म्हणाला.

जुलैच्या सभेलाही मी गेले नाही. विषय पुन्हा पुढे ढकलला गेला होता, पण तो आला असता तरी मी गेले नसते. मी घरात दारं लावून बसले होते. शर्लीचा नवरा येऊन तिला आणि लिनेटला आपल्या आईकडे वॉलोंगाँगला घेऊन गेला. निघताना शर्ली मला बिलगली नाही.

"तुला गवत जास्त प्यारं आहे का लिनेट, आई?" ती म्हणाली. "सोडून दे ना ती खुर्ची. कोण विचारतंय तुला?"

तिचं चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, नगरपालिकेच्या चिटणिसांचा निरोप आला. कोरडा माणूस, पण सरळ. "मिसेस कॉसग्रोव्ह, तुम्ही लागोपाठ दोन सभा चुकवल्यात. सभेच्या परवानगीशिवाय तिसरी चुकली तर कायद्याने तुमची जागा रिकामी होते. आठवण करून देणं माझं काम आहे. आणि या सभेला कुरणाचा विषय नक्की आहे."

म्हणजे हे असं होतं. त्यांना मला मारायची गरजच नव्हती. मला सभेचा एक मंगळवार घरात बसवलं की जागाही जाणार होती आणि कुरणही. माझ्याविना चार विरुद्ध चार, आणि नगराध्यक्ष व्हर्न डॅगेट कंपनीच्या बाजूचा. समसमान झालं की त्याचं जादा मत.

त्याच दिवशी रेग टली घरी आला. विरुद्ध बाजूच्या चौघांत तो माझ्या सगळ्यांत जवळचा. आम्ही दोघांनी मिळून दारोदार मतं मागितली होती. तो स्वयंपाकघरात बसला, माझी ओटच्या पिठाची बिस्किटं त्याने एकामागून एक चार खाल्ली, आणि नजर बशीवरून हलवली नाही.

"मर्टल, तू ये-जा करू नकोस या थंडीत. मी तुझ्या रजेचा ठराव मांडतो. प्रकृतीचं कारण. जागा वाचेल."

"आणि माझं मत?"

"मताचं काय... एवढं काय आहे त्या कुरणात?"

"रेग, तुलाही फोन येतो का?"

"मला?" तो हसला. "मला कशाला येईल?" आणि त्याने पाचवं बिस्किट उचललं. मला त्याचं खरं वाटलं. भीती वाटायला लागली की माणसाला वाटतं, जगात आपल्याच एकट्यामागे वाघ लागलाय.

माझा संशय भलतीकडेच होता. हेक्टर ब्रॅडॉक, कंपनीच्या बाजूच्या चौघांतला. सळया-खिळ्यांचं दुकान, बायको मरून वर्षं झालेली, आणि जिभेला हाड नाही. मी निवडून आले त्या दिवशी भर सभेत म्हणाला होता, "बाई, इथे उलटे-सुलटे टाके घालून भागत नाही." मी म्हटलं होतं, "तुमचे सगळे उलटेच पडतात, म्हणून एक सुलटे घालणारी हवी." तेव्हापासून आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तो रोज संध्याकाळी आपल्या डचेस नावाच्या कुत्रीला घेऊन आमच्या घरावरून फिरायला जायचा आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचा. पण हल्ली तो एकटाच यायला लागला होता. कुत्री नाही. हातात कातडी पट्टा गुंडाळलेला. आमच्या फाटकाशी थांबायचा आणि घराकडे बघत राहायचा. मी पडद्याआडून त्या पट्ट्याकडे बघायची. एकदा त्याने फाटकावर हात ठेवला. मग तो हात काढून निघून गेला.

मी रजा घ्यायचं ठरवलं. खोटं कशाला सांगू? रेगला निरोप द्यायला मी टेलिफोनपाशी गेले, तेवढ्यात तो माझ्या हाताखालीच वाजला.

"विश्रांती घेताय असं ऐकलं," सभ्य आवाज म्हणाला. "शहाण्या आहात. मंगळवारी घरीच बसा, गरम सूप घ्या. शाब्बास."

हे त्याला कोणी सांगितलं असेल, हा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मला ऐकू आलं ते फक्त ते "शाब्बास". धमकी मी गिळली असती. कोंबड्या गिळल्या, बाबागाडीसुद्धा गिळून घरात बसले. पण शेपूट घातल्याबद्दल कोणीतरी माझी पाठ थोपटावी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती गेली, असं समजू नका. ती होती तिथेच होती. तिच्या शेजारी राग येऊन बसला, एवढंच.

"क्लॅरी," मी म्हटलं, "मंगळवारी मी जाणार."

क्लॅरीने बराच वेळ बूट पुसले. मग म्हणाला, "माझ्या बसने चल. भरलेली असते."

त्याने पाळी बदलून घेतली. मंगळवारी संध्याकाळी तो आपली बस वळवून थेट आमच्या फाटकापाशी घेऊन आला, जिथे थांबा कधीच नव्हता. आत सिनेमाला निघालेली माणसं, रात्रपाळीच्या नर्सा, कुरकुर करणारा एक म्हातारा. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि वाटभर क्लॅरीच्या मानेकडे बघत राहिले. पालिकेच्या दारात त्याने बस थांबवली. त्याला पुढे जाणं भागच होतं.

"थेट आत जा," तो म्हणाला. "मागे बघू नकोस."

मी मागे बघितलं. बसचे दिवे कोपऱ्यावरून वळले आणि पायऱ्यांवर मी एकटी उरले.

आमच्याकडे सभेआधी सगळे सभासद एकत्र जेवतात. थंड खारवलेलं बीफ, बीट, पाव, वर केक. एकमेकांचा गळा धरण्याआधी एकमेकांना मीठ द्यावं, अशी ती जुनी रीत. मी आत गेले. कोणी "बरं वाटतंय का?" म्हणालं नाही. रेगने माझ्याकडे बिटाची बशी सरकवली आणि त्याच्या हातून बीट सांडलं, पांढऱ्या चादरीवर लाल. नगराध्यक्ष डॅगेट म्हणाला, "अरे वा, आजारी माणसं आली." ब्रॅडॉक टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याने काही खाल्लं नव्हतं. मीही नाही.

सभागृहात प्रार्थना झाली, हजेरी झाली. "हजर," मी म्हटलं, आणि माझी जागा वाचली. मग मी वर बघितलं. लोकांसाठीच्या सज्जात नेहमी चार म्हाताऱ्या विणकाम घेऊन बसतात. त्यांच्या पुढच्या रांगेत आज दोन अनोळखी पुरुष होते, कोट घातलेले, टोप्या मांडीवर. त्यातला एक माझ्याकडे बघून हसला. मग त्याने सज्जाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि हळूच पुढे-मागे, पुढे-मागे हलवले.

बाबागाडी हलवतात तसे.

कागद हातात होता, अक्षरं दिसेनात. लिनेट वॉलोंगाँगला आहे, लिनेट वॉलोंगाँगला आहे, असं मी मनात घोकत होते, आणि लगेच वाटत होतं, वॉलोंगाँगला काय आगगाडी जात नाही? डॅगेटने विषय पुकारला. मी उभी राहिले.

"कंपनीचा अर्ज फेटाळावा," मी म्हटलं, "आणि नदीकाठचं कुरण कायम मोकळं ठेवावं, असा मी ठराव मांडते."

आवाज कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा वाटला.

"कोणाचं अनुमोदन आहे?" डॅगेट म्हणाला.

मी रेगकडे बघितलं. हे आमचं ठरलेलं होतं; मी मांडायचा, त्याने अनुमोदन द्यायचं. रेग छताकडे बघत होता. त्याच्या शेजारचा हेन्शॉ चष्मा पुसत होता. पलीकडचे दोघं कागद चाळत होते. आमच्या बाजूचे चारही जण मूग गिळून बसले होते, आणि तेव्हा मला एकदम कळलं. सगळ्यांकडे टेलिफोन वाजत होता. प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाच्या ताटात अन्न असताना. आणि प्रत्येकजण "मला कशाला येईल?" म्हणत होता. मी होकार देण्याआधीच रेगने माझ्या रजेची बातमी पोचवली होती, आणि तिच्यावरच तो आवाज मला शाब्बास म्हणाला होता.

मला रेगचा राग आला नाही. मला फार एकटं वाटलं. माझा ठराव पडला की लगेच दुसरा येणार होता, परवानगी द्यावी म्हणून, आणि त्याला अनुमोदन द्यायला माणसं टपलेलीच होती.

"दुसऱ्यांदा विचारतो. कोणाचं अनुमोदन आहे?" डॅगेटने हातोडी उचलली. वरचे ते हात पुढे-मागे होतच होते.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेक्टर ब्रॅडॉक उठत होता. मला वाटलं, हा आता काय करतो!

"माझं आहे," तो म्हणाला.

डॅगेटची हातोडी हवेतच राहिली. "हेक, तुझा गोंधळ होतोय. हा या बाईंचा ठराव आहे. आपला यानंतर आहे."

"बहिरा नाही मी. या बाईंचं एक अक्षर मला पटत नाही. कधी पटलं नाही. कुरणात इमारती झाल्या तर माझे खिळे खपतील, आणि मी मत देणार होतो ते इमारतींनाच. सगळ्या गावाला माहीत होतं." त्याने खिशातून पट्टा काढला आणि टेबलावर टाकला. "तरी या लोकांनी माझ्या डचेसला विषाचं मांस घातलं. का, तर मी ऐन वेळी बदलू नये म्हणून! मी बदलणारच नव्हतो, व्हर्न! अकरा वर्षांची कुत्री ती. दातसुद्धा राहिले नव्हते. माझ्या मांडीवर तडफडली." त्याची हनुवटी हलत होती. मग त्याने सज्जाकडे बोट केलं. "मी भाड्याने मिळतो असं कोणी समजलं असतं तर चाललं असतं. धाक दाखवून मिळतो असं समजले. अनुमोदन माझं. लिहा चिटणीस. आणि मतं नावानिशी घ्या. कोण कुठे होतं ते लोकांना वाचू दे."

"नावानिशी मतदानाला दोघांची मागणी लागते," डॅगेट म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"माझं अनुमोदन आहे," मी म्हटलं.

वरचे हात थांबले होते.

चिटणिसांनी नावं पुकारली. ब्रॅडॉक, बाजूने. कॉसग्रोव्ह, बाजूने. डॅगेट, विरुद्ध. हेन्शॉने चष्मा चढवला आणि आमच्याविरुद्ध मत दिलं. त्याला तीन मुली आहेत, मी त्याला बोल लावत नाही. पण आमच्या बाकीच्या दोघांनी बाजूने दिलं, एकाने तर टेबलावर मूठ आपटून; कंपनीचे उरलेले दोघं विरुद्ध गेले. चार विरुद्ध चार झालं आणि शेवटचं नाव उरलं.

"टली."

रेग छताकडे बघत होता. सगळं सभागृह वाट बघत होतं. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला माहीत नाही.

"का रे रेग," मी म्हटलं, "छताला काही लिहिलंय का?"

सज्जातली एक म्हातारी फिस्सकन हसली. रेगने मान खाली घेतली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"बाजूने," तो म्हणाला.

बाहेर पडलो तेव्हा ते दोन टोपीवाले गेलेले होते. ब्रॅडॉक बसच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालला, दोन हात अंतर ठेवून.

"गैरसमज नको," तो म्हणाला. "तुमचा ठराव भिकारच होता."

"आमच्या फाटकाशी का उभे राहत होता हो? माझा जीव जायची वेळ आली होती."

"विचारायचं होतं, तुमच्याकडेही येतो का टेलिफोन. पण तुमच्याशी नीट बोलायची सवय कुठाय मला?" त्याने नाक ओढलं. "माझ्याकडे सव्वासहाला येतो."

"माझ्याकडे सहाला."

"म्हणजे तुमचं आटपून माझ्याकडे वळतो." त्याने रस्त्याकडे बघितलं. "तो थांबायचा नाही आता. चिडलेला असेल. उद्या सहाच्या आधी मीच लावतो तुम्हाला. ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर दुकानात बसून दाराकडे बघत होते. वॉलोंगाँगला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा शर्लीने पोरीला आणून टेलिफोनपाशी धरलं आणि मी तिचं ऊं-ऊं ऐकलं. संध्याकाळी बटाटे वाढले आणि टेलिफोन वाजला. मी उचलला. पलीकडे श्वास. नाकातून घेतलेला, घरघरता.

"ब्रॅडॉक," आवाज म्हणाला. "ठेवू नका."

"काय बोलायचं?"

"काही नाही. मला काही बोलायचं नाहीये तुमच्याशी. जेवा."

मी टेलिफोनची तार ओढून तो टेबलावर आणला आणि मटारच्या भांड्याला टेकवून ठेवला. तो सभ्य माणूस आता दोन्हीकडे नंबर फिरवत बसला असेल आणि दोन्हीकडे त्याला लाइन गुंतलेली मिळत असेल. आम्ही जेवायला लागलो. तिकडून सुरीकाट्याचा आवाज येत होता. खुर्ची करकरली. बाहेर आमच्या रस्त्यावर एक मोटार आली आणि फाटकापाशी हळू झाली. क्लॅरीचा घास हातात राहिला. मोटार पुढे गेली.

"गेली का?" ब्रॅडॉकने विचारलं. त्यालाही ऐकू गेली होती.

"गेली."

पुन्हा सुरीकाटा. मग बशीवर हाड ठेवल्यासारखा आवाज झाला, आणि ब्रॅडॉक अगदी वेगळ्या, मऊ आवाजात म्हणाला, "घे, डचेस."

त्यानंतर तिकडून काहीच ऐकू येईना. ना सुरी, ना काटा, ना श्वास.

मी क्लॅरीकडे बघितलं, आणि टेलिफोनकडे तोंड करून, ब्रॅडॉकला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं, "अरे, मटार दे ना इकडे."